चारदा उतरलेली कोंबडी

सकाळपासून तानूबाई एका जागी टेकली नव्हती. पुढच्या पायरीवरून न्हाणीच्या दारात, तिथून परसात, परसातून परत आत. उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळी. डाव्या हाताला मात्र काहीतरी चाळा हवाच होता. नव्या खुराड्याची कडी काढायची, घालायची, परत काढायची. धारवाडच्या सप्तापुरातल्या त्या घरात वरच्या खोल्यांमध्ये परीक्षांचा अभ्यास करणारी पोरं भाड्याने राहत. त्यांच्यातल्या एकाने शेवटी खिडकीतून खाली डोकावून पाहिलं, इतका त्या कडीचा आवाज झाला.

"आत्ती, बसा की जरा. च्या निवायलाय," वनिता स्वयंपाकघरातून म्हणाली.

"निवूंदे. अळणावरची गाडी कितीला गे?"

हे चौथ्यांदा. वनिताने उप्पीट ढवळता ढवळता चौथ्यांदा सांगितलं, "गाड्या हायत की दिवसभर. खरं आज कुठं जाताय? अनिताताई येणार, सुरजभावजी येणार. पिल्लांचं ठरवायचं हाय."

सासू परत परसात गेली.

दोन आठवड्यांपूर्वी अळणावरकडच्या गावी परसात पाय घसरून तानूबाईचं मनगट मोडलं, तेव्हापासून ती इथे थोरल्या संतोषकडे होती. हात बरा झाला तरी तिला परत एकटीला धाडायचं नाही, असं तिन्ही भावंडांनी फोनवर ठरवलं होतं. म्हातारी रमावी म्हणून कोंबड्या पाळायची कल्पना अनिताची. ती विद्यानगरला शाळेत शिकवायची, त्यामुळे कल्पना तिच्याकडे भरपूर असत आणि राबवायला माणसं दुसरी लागत. धाकट्या सुरजने हुबळीच्या कमरीपेठेतल्या आपल्या वेल्डिंगच्या दुकानात खुराडं बनवून आणलं. राहता राहिली पिल्लं. मागच्या गल्लीतले मुकुंदराव दुसऱ्या दिवशी पहाटे बेळगावच्या बाजूला पिल्लांच्या केंद्रावर जाणार होते. कुठल्या जातीची किती आणायची, ते दुपारपर्यंत सांगा म्हणाले होते.

वनिताने तांदळाचा डबा बाजूला ओढला आणि तिचा हात तसाच राहिला. डब्यामागच्या भिंतीवर कोळशाच्या बारीक रेघा होत्या. तिने मोजल्या. अठरा.

म्हणजे सासूला घर नकोसं झालेलं नाही, धारवाडची हवाही बाधलेली नाही. सासू दिवस मोजते आहे. गावाकडे चुलीमागच्या टोपलीत ठिपकी कोंबडी अकरा अंड्यांवर बसलेली आहे, असं तिच्या मनात आहे. एकविसाव्या दिवशी, म्हणजे येत्या बुधवारी, पिल्लं फुटायची आहेत.

ठिपकी टोपलीत नव्हती. हे या घरात दोघांना माहीत होतं, आणि त्यातलं निम्मं फक्त वनितालाच माहीत होतं.

*

बारा वाजेपर्यंत परसातल्या शेवग्याखाली सगळे जमले. धुण्याच्या दगडावर अनिताने कागद पसरून रकाने आखले होते. जात, वजन, अंडी, खाणं. संतोषला बहिणीचं हे रकाने आखणं कधीच आवडलं नव्हतं. लहानपणी कैऱ्या वाटायच्या, तेव्हाही ती असेच रकाने आखायची, आणि शेवटच्या रकान्यात नेहमी तिची कैरी मोठी निघायची.

"गिरिराज घ्या," तो म्हणाला. "कोंबडा चार किलोचा होतोय. परसातला पाला, किडे, काहीबी खातोय. मुकुंदरावांकडं बघितलोय मी."

"अण्णा, तुला सदा मटणच दिसतंय," सुरज हसला. "कडकनाथ घे. काळा कोंबडा, काळं मटण. हुबळीत लोक विचारत येतात."

"काळी कोंबडी परसात बांधली तर अमावास्येला उतरून टाकायला मागणारेच रांग लावतील," अनिता म्हणाली. "आणि अव्वाला आता मटण कुठं चावतंय? तिला अंडं पायजे रोजचं. स्वर्णधारा नाहीतर कावेरी घ्या. दोन्ही आपल्या कर्नाटकातल्याच. वैनी, तुला काय वाटतंय?"

"मला काय कळतंय त्यातलं," वनिता म्हणाली. तिने नवऱ्याकडे पाहिलं नाही. संतोषने तिच्याकडे पाहिलं आणि लगेच नजर काढली. मनगटाच्या वर, शर्टाच्या बाहीखाली एक जखम अजून खाजत होती. खपली धरलेली. तो ती कापडावरूनच चोळत राहिला.

खरं तर प्रश्न कोंबड्यांचा नव्हताच. अव्वाने कायम इथेच राहायचं, हे अनिताला आणि संतोषला हवं होतं. सुरजला ते पटलं नव्हतं. तो म्हणायचा, झाड उपटून कुंडीत लावलं की पानं धरतं, फळ नाही. पण खुराडं त्यानेच बनवलं होतं, कारण मोठ्या भावाने सांगितलं आणि बहिणीने दोनदा फोन केला. आता तो बोलत कडकनाथबद्दल होता आणि बघत अव्वाकडे होता. ती खुराड्याच्या दारात उभी होती, बसायला खुर्ची दिली तरी उभीच.

"हे बघा," अनिताने मोबाइल वर धरला. "इथं माहिती दिलीय. 'या कोंबड्या सहसा खुडूक होऊन अंड्यांवर बसत नाहीत, त्यामुळे अंडी देण्यात खंड पडत नाही.' झालं तर! अव्वा, ऐकलीस काय? अंडी थांबतच नाहीत."

कडीचा आवाज थांबला.

"मग पिल्लं कोण काढतंय?" तानूबाईने विचारलं.

"मशीन काढतंय अव्वा. आपल्याला एक दिवसाचं पिल्लू मिळतंय. वर बल्ब लावायचा, पहिल्या दिवशी गुळाचं पाणी द्यायचं. लस टोचलेली असती."

"आणि घार आली तर बल्बाखाली जाऊन लपायचं?"

सुरज मोठ्याने हसला. अनितालाही हसू आलं. संतोष तेवढा हसला नाही. आईच्या आवाजात थट्टा नाही, हे त्याला कळलं होतं.

"खुडूकच होत न्हाई म्हंजे ती कोंबडी कसली," तानूबाई म्हणाली. "मला न्हाई बोलायचं त्यातलं. तुमची कोंबडी, तुमचं परसू. मला अळणावरला सोडा आज."

"अव्वा, आज?" अनिताने पेन ठेवलं. "हात असा घेऊन?"

"बुधवारी एकवीस दिवस भरतायत. आज अठरावा. अजून तीन दिवस ती नीट बसली तर बसली."

"अगं ठिपकी मजेत हाय," सुरज म्हणाला. "अण्णा रोज सांजचं गावातल्या विठ्ठलरावांना फोन करून विचारतोय की. कालबी माझ्यासमोरच केला."

संतोषला वाटलं, जमीन जरा बाजूला सरकावी.

"तेच तर," तानूबाई म्हणाली. "काल हा काय म्हणाला? चारदा उतरली म्हणाला. उतरली, दाणं खाल्ली, अंगणात फिरली, परत बसली. परवाच्याला तीनदा. बसलेली कोंबडी चारदा उतरत असती काय रे? दिवसातनं एकदा उतरती. दाणा टिपती, पाणी पिती, घाणीला बसती, आणि धावत माघारी. तेवढ्यात अंडी गार होईत न्हाईत. चारदा उतरायली म्हंजे तिला कायतरी झालंय. न्हाईतर मांजर येतंय. माझी अंडी मरायलीत तिथं, आणि मी इथं उप्पीट खाऊलोय."

आता सगळं संतोषच्या ध्यानात आलं आणि त्याला आपल्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. पहिल्या दिवशी तो नुसतं 'बसलीय' म्हणाला होता. दुसऱ्या दिवशी अव्वाचं तोंड उतरलेलं दिसलं, म्हणून त्याने एक घास जास्त घातला, 'उतरून दाणा खाऊन गेली'. मग रोज एकेक घास. बंद फोन कानाला लावून त्याने त्या मेलेल्या कोंबडीला इतकं खायला घातलं, की जिवंतपणी तिला तेवढं मिळालं नसेल. अव्वाचा जीव थंडावा म्हणून. आणि त्याच घासांनी ती चौदा दिवस येरझाऱ्या घालत होती.

"चल अव्वा," सुरज उठला. "गाडी आणलोय मी. तासाभरात सोडतो. ठिपकीला टोपलीसकट उचलून इकडं आणू, झालं."

"साकु!" तानूबाई कन्नडात म्हणाली, पुरे. "बसलेली कोंबडी उठवत न्हाईत रे कुणी. मी तिथं जाऊन राहतो तीन दिवस." तिने चपलेत पाय सरकवलेसुद्धा.

"थांब," संतोष म्हणाला.

कुणी थांबलं नाही. सुरज किल्ली शोधत होता. अनिता म्हणत होती, मग हे मुकुंदरावांना काय सांगायचं, त्यांचा फोन येईल आता.

"ठिपकी न्हाई," संतोष म्हणाला. "अव्वा. ठिपकी न्हाई तिथं."

*

तानूबाईने एका पायात चप्पल घातली होती. दुसरा पाय तसाच हवेत राहिला, मग हळूच जमिनीवर टेकला.

"तू पडलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गेलो घराला कुलूप लावायला," संतोष बोलत होता. त्याची नजर अनिताच्या कागदावर होती. "ज्या चौघांनी तुला उचलून रस्त्यापतोर आणलं, ती माणसं आली होती विचारपूस करायला. तशीच कशी पाठवायची? विठ्ठलराव म्हणाले, कोंबडं काप, जेवण घाल. बाकीच्या कोंबड्या रानात. एक फणसावर चढून बसलेली. मी तासभर धावलो. एकबी गावली न्हाई. आत आलो तर चुलीमागं ही बसलेली. हलली न्हाई. म्हणून..."

"म्हणून?"

"म्हणून तिलाच धरलो. खुडूक हाय ते मला काय ठाऊक? मी सतरा वर्षं झाली इथं हापिसात खुर्चीत बसतोय अव्वा."

"अण्णा!" अनिता ओरडली. "आणि चौदा दिवस फोन कुणाला करायलास? कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहतंय होय रे? तिला खोटं सांगितलास, आम्हालाबी खोटं सांगितलास!"

"आणि तू काय सांगितली असतीस?" सुरज एकदम भावाच्या बाजूने फिरला. मघापर्यंत तो त्याच्या विरुद्ध होता, हे त्याच्याही लक्षात आलं नाही. "हात मोडलेल्या बाईला सांगायचं, तुझी कोंबडी रस्सा होऊन गेली म्हणून? तू आली होतीस काय कुलूप लावायला? तुला सुट्टी नव्हती."

"सुरज, तू मधे पडू नको."

"मधे कोण पडायलंय? अक्का, तू लांबून कल्पना सांगत असतीस..."

"गप बसा दोघंबी," तानूबाई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. ती संतोषसमोर येऊन उभी राहिली. "टोचली न्हाई तुला?"

संतोषने बाही वर केली. खपलीभोवती कातडी लाल झाली होती.

तानूबाईने डाव्या हाताने त्याचं मनगट धरलं, खपलीवरून अंगठा फिरवला. हळदीचा पिवळा डाग अजून गेला नव्हता. तिला त्या जखमेची कीव आली नाही. ठिपकीबद्दल मात्र तिला एकदम, आतून, अभिमान वाटला. पळाली नाही. टोचली, पण पळाली नाही. ती तिसऱ्यांदा खुडूक झालेली कोंबडी होती, आणि नवऱ्याच्या, तुकारामच्या माघारी त्या घरात दुसरं कुणी जागचं न हलणारं नव्हतं. नवरा गेला, लेक नांदायला गेली, ल्योक शहरात गेले. ठिपकी बसून राहिली. तिचा रस्सा झाला.

"आणि अंडी?"

हा प्रश्न संतोषला आजवर पडलाच नव्हता. त्याने बायकोकडे पाहिलं.

*

वनिता चहाचे कप घेऊन उंबऱ्यात उभी होती. कप खाली ठेवायला जागा नव्हती, दगडावर अनिताचे रकाने पसरले होते.

त्या दिवशी पिसं काढताना तिच्या हाताला कोंबडीच्या पोटाखालची उघडी, कढत कातडी लागली होती. तिचं माहेरही खेड्यातलंच. ही अंड्यांवर बसलेली कोंबडी, हे तिला लगेच कळलं. पण बाहेर चार माणसं ताटावर बसायच्या बेतात होती, नवरा 'आटप आटप' करत होता. तिने मूग गिळले आणि रस्सा फोडणीला टाकला. त्या दिवशी ती जेवली नाही. पोट दुखतंय म्हणाली.

आता गप्प राहिली तर अंडी टाकून दिली असंच सगळे समजतील, आणि तेच बरं, असं तिच्या मनात क्षणभर आलं. कारण खरं सांगायचं तर पार्वतीचं नाव घ्यावं लागणार होतं. पार्वती म्हणजे तानूबाईची धाकटी जाऊ, भिंतीला भिंत लागून राहणारी. तुकारामच्या बाराव्याला ती आली नव्हती. त्याला सहा वर्षं झाली, आणि तेव्हापासून या घरात तिचं नाव कुणी घेत नव्हतं.

पण भिंतीवरच्या अठरा रेघा तिला विसरता येईनात.

"अंडी मी पदरात घेतली," वनिता म्हणाली. "गरम होती अजून. तिन्हीसांजेला मागच्या दारानं पार्वतीकाकूंकडं गेलो. त्यांची लाल कोंबडी नुकतीच खुडूक झाली होती, रिकाम्याच टोपलीत बसत होती. तिच्याखाली ठेवून आलो."

"कुणाकडं?" अनिताने विचारलं, ऐकू येऊनही.

"पार्वतीकाकूंकडं."

"हे मला का सांगितलं न्हाईस?" संतोष म्हणाला.

"तुम्ही म्हणालात की, कुणाला काय बोलायचं न्हाई. म्हणून तुम्हालाबी बोललो न्हाई."

सुरजला हसू फुटलं आणि त्याने ते खोकल्यात घातलं. तेवढ्यात फोन वाजला. मुकुंदरावांचा. अनिताने तो उचलून, "पाच मिनिटं, काका," म्हणून ठेवला.

तानूबाईचा चेहरा कुणाला वाचता येईना. वनिताला वाटलं, आता ही बाई एका पायातल्या चपलेनिशी बाहेर पडेल आणि परत या घरात पाय ठेवणार नाही. कोंबडी मुलाने कापली, अंडी सुनेने वैऱ्याच्या घरात नेली. जायला याहून मोठं कारण काय हवं?

"लाव फोन तिला," तानूबाई म्हणाली.

"कुणाला?"

"पारूला. नंबर असंल की तुझ्याकडं. अंडी दिलीस म्हंजे विचारत असशीलच."

होताच. वनिता दर दोन दिवसांनी न्हाणीत जाऊन विचारत होती. तिने कप अनिताच्या रकान्यांवरच ठेवले, नंबर लावला आणि मोबाइल सासूपुढे धरला. तानूबाईने तो डाव्या हातात घेतला, कानापासून जरा लांबच. पलीकडचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

"हां, वनिता, बोल गे."

"मी हाय."

पलीकडे कुठेतरी कुत्रं भुंकत होतं. मग पार्वती म्हणाली, "हात कसा हाय?"

"हाय. अंडी कशी हायत?"

"एक फुटलं आणताना. एक पोकळ निघालं, उन्हाला धरून बघितलो. नऊ हायत. काल कानाला लावलो तर आत टकटक ऐकायला आलं, का मला भास झाला, ठाऊक न्हाई."

"भासच. अजून वेळ हाय."

"असंल."

तानूबाईने मोबाइल कानाजवळ ओढला. "पारू, दिवसातनं कितीदा उतरती गे ती?"

"कितीदा म्हंजे? एकदाच की. पहाटे. दाणा टिपती आणि लगेच वर. मी दार लोटून बसतो तोपतोर, मांजराचं भ्या."

"एकदाच?"

"एकदाच, अक्का."

तानूबाई मागे सरकली आणि खुर्चीत बसली. सकाळपासून पहिल्यांदा. वनिताने तिच्या हातातला मोबाइल घ्यायला हात पुढे केला, पण तिने तो सोडला नाही.

"पाच तुझी," ती फोनमध्ये म्हणाली. "चार माझी. बसली ती कोंबडी तुझी."

"ते बघू की. आधी फुटूंदेत."

"बुधवारी येतो मी."

"ये. च्या ठेवतो," पार्वती म्हणाली, आणि मग जरा थांबून, "भावजींच्या बाराव्याला..."

"ते ऱ्हाऊंदे. तू बस तिथं. दार लोट."

फोन बंद झाला. अनिताने कागदाची घडी घातली, कपाच्या बुडाचे ओले गोल त्यावर उमटले होते. शेवटी सुरजनेच विचारलं, "मग मुकुंदरावांना काय सांगू?"

"सांग, गिरिराजची आणू देत दहा," तानूबाई म्हणाली. "ती येतील उद्या. चार दिवस बल्बाखाली ठेवा. मग माझी चार येतील तिकडनं. त्यातली एखादी मोठी होऊन खुडूक झाली की त्या बल्बवाल्यांची अंडी तिच्याखाली घालीन. तुमच्याबी कोंबड्यांना आई पायजे की कुणीतरी."

म्हणजे ती येणार होती परत. अनिताच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते पदराने नव्हे, रकान्यांच्या कागदानेच पुसलं.

"अव्वा," संतोष म्हणाला. तो तिच्या खुर्चीजवळ उकिडवा बसला. "माझं चुकलं. मला वाटलं..."

"तुला काय वाटलं ते कळलं मला. कापलास त्याचा राग न्हाई. माणसांना जेवायला घातलास, बरं केलास. चौदा दिवस मला फोनवरनं चारा घातलास, त्याचा हाय. तो जायचा न्हाई लवकर."

"न्हाई जायचा," तो म्हणाला.

"बुधवारी रजा काढ. माझ्यासंगं चल."

"मी? मी येऊन काय करू?"

"पारूच्या चुलीपाशी बस सकाळपासनं. पिल्लं फुटेपतोर." तानूबाईने वनिताने आणलेला निवलेला चहा उचलला. "तुला धरायला सोपी वाटली ना ती? पळाली न्हाई म्हणून? ती का पळत नसती, ते एकदा डोळ्यांनी बघ."